मला धरून अठ्ठावीस

लॉकपोर्ट या गावाचं माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी ‘कुलूपबंदर’ करून टाकलं, आणि आमच्या घरात ते आजही तेच आहे. खरं तर इथलं लॉक म्हणजे कुलूप नव्हे. दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदात पाणी सोडायचं, की बोट वर येते आणि पुढच्या दारानं निघून जाते. पाण्याचा जिनाच म्हणा ना. लॉकपोर्टला दीडेकशे वर्षांपूर्वीच्या अशा पाच पायऱ्या एका ओळीत आहेत आणि सगळं गाव त्यांच्याभोवती वसलेलं आहे.

या गावात मी क्रूझच्या प्रवाशांना फिरवत असे. मोठ्या सरोवरांतून फिरणारं एक छोटं जहाज उन्हाळ्यात बफेलोच्या धक्क्याला लागायचं. तिथून बसनं दोन सहली निघत, एक नायगाराला आणि एक आमच्या कालव्याच्या गावाला. ज्यांचा नायगारा पूर्वीच पाहून झालेला असे ते आमच्या वाट्याला येत. बहुतेक रिटायर्ड, गुडघे दुखणारे, आणि प्रश्न विचारण्यात पटाईत.

दोन हजार चार सालची गोष्ट. नवऱ्याची नोकरी बफेलोच्या बाहेर एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि मी डिपेन्डन्ट व्हिसावर. त्या व्हिसावर पगाराचं काम करता येत नाही. पुण्यात मी नऊ वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता, इथे चार वर्षं अपार्टमेंटमध्ये बसून मुलीचे डबे भरत होते. कोणी ‘तू काय करतेस?’ विचारलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. मग गावातल्या छोट्या म्युझियमला स्वयंसेवक हवेत असं लायब्ररीच्या फळ्यावर वाचलं. फुकट काम करायला व्हिसाची हरकत नव्हती.

स्वयंसेवकांचं काम बघणारी बाई सत्तरीची, रिटायर्ड शिक्षिका. तिला मी पसंत होते. पण समितीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं असं, की प्रवाशांना या गावाची गोष्ट या गावच्या तोंडून ऐकायला मिळावी. म्हणजे माझ्या तोंडून नको. उच्चाराबद्दल ते काही बोलले नाहीत, पण चोराच्या मनात चांदणं, तसं माझ्या मनात ते पक्कं बसलं. शेवटी बाईंनी तोड काढली. जूनमधली एक टूर मी एकटीनं करायची, आणि ती नीट पार पडली तर हंगामभर माझं नाव वेळापत्रकात लागेल. अट एकच. जितकी माणसं नेली तितकी परत आणायची. जहाज कोणासाठी थांबत नाही.

मी छत्तीस पानांची पुस्तिका तोंडपाठ केली. भांडी घासताना, गाडी चालवताना, नुसती पोपटपंची. नवरा म्हणायचा, “अगं, इतकं टेन्शन कशाला घेतेस यार? नाही जमलं तर कॅन्सल कर.” त्याला काय सांगणार? त्याच्या गळ्यात ऑफिसचा बॅज होता.

त्याच सुमारास बाबा पाचेक महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, नगर जिल्ह्यात बत्तीस वर्षं. कालव्याच्या कडेनं सायकलवर फिरायचं, कुठल्या चारीला किती दिवस पाणी ते बघायचं, रात्रीतून कालव्याचं दार उचलून पाणी चोरणाऱ्याला पकडायचं, आणि मजुरांची हजेरी घ्यायची. हजेरी घेताना ते माणसंसुद्धा धान्यासारखी मोजत. आमच्याकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. बाबा मस्टर हातात घेऊन म्हणायचे, “लाभ, दोन, तीन, चार...” मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायची तेव्हा मला याचं हसू यायचं. पुढे कॉलेजात मैत्रिणींसमोर त्यांनी स्टॅण्डवर आमच्या बॅगा तशाच मोजल्या तेव्हा मात्र लाज वाटली.

कालव्याचा माणूस घरात बसलेला आणि मी कालवा पुस्तकातून पाठ करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पण तेव्हा ते सुचलं नाही. त्यांच्या प्रश्नांचा उलट वैताग यायचा.

“किती एकर भिजतं यावर?”

“बाबा, हा शेतीचा कालवा नाही. बोटींचा आहे.”

“म्हणजे एवढं पाणी नुसतं इकडून तिकडे?”

माझी सहा वर्षांची मुलगी त्यांच्या मांडीवर बसून हे ऐकत असे. तिला ‘कालवा’ एकच माहीत होता, जेवताना म्हणतात तो. “आजोबा, बट व्हाय कालवा? इट्स नॉट वरण-भात!” यावर दोघंही इतकी हसली, की बाबा म्हणाले, “बघ, काय कालवा चाललाय,” आणि मग तिला तिसरा अर्थ समजावत बसले.

टूरच्या दिवशी मुलगी शाळेत. बाबा दहा दिवस घरात बसून कंटाळलेले. सकाळी बघते तर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि मोज्यांवर चामडी चपला घालून दारात तयार. “मला दाखव तुझं कुलूपबंदर,” म्हणाले. नाही म्हणवेना. बसमध्ये जागा शिल्लक असतात, त्याची अडचण नव्हती. अडचण माझी होती. आधीच परकी गाइड, आणि वर बापाला घेऊन आली, असं कोणी म्हणायला नको होतं. नवऱ्यानं आम्हाला धक्क्यावर सोडलं तेव्हा मी बाबांना सांगितलं, “तुम्ही आधीच चढा, सगळ्यात मागे बसा, आणि मी बोलत असताना मध्ये काही विचारू नका. घरी गेल्यावर सगळं सांगते.” ते बरं म्हणाले आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन बसले. ते माझ्याबरोबर आहेत हे मी कोणालाच सांगितलं नाही. बाईंना नाही, ड्रायव्हरला नाही, प्रवाशांना तर नाहीच.

बाईंनी यादी हातात दिली, अठ्ठावीस नावांची. मी बसच्या दारात उभी राहून चढणारा एकेक माणूस मोजला. अठ्ठावीस.

टूर चांगली झाली, हे मी बढाई न मारता सांगते. वर्गात उभं राहायची सवय कामी आली. म्युझियम, जुनं चर्च, मुख्य रस्ता, आणि शेवटी लॉक. तिथे लोखंडी जिन्यानं खाली उतरलं की जुन्या पाच पायऱ्या अगदी जवळून दिसतात. माझ्या नशिबानं त्याच वेळी शेजारच्या नव्या लॉकमध्ये एक बोट आली. दारं लागली, पाणी भरलं, बोट वर आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या लॉकसाठी होत्या, पण मी त्या स्वतःच्या खात्यावर लावून घेतल्या. बाबा कठड्याशी वाकून दाराच्या बिजागऱ्या बघत होते. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मी नजर वळवली.

साडेतीनला सगळे बसमध्ये बसले. मी मधल्या वाटेनं मागे जात डोकी मोजली. अठ्ठावीस. जीव भांड्यात पडला. ड्रायव्हरला अंगठा दाखवला, बस निघाली आणि कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबली. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

“अगं, एक कमी आहे.”

सगळ्यांनी वळून बघितलं. मी दात-ओठ खाऊन मराठीत म्हणाले, “बाबा, अठ्ठावीस आहेत. मोजलेत मी. बसा.”

“मला धरून अठ्ठावीस,” बाबा म्हणाले. “मी कुठं तुझ्या यादीत आहे?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मजुरांच्या हजेरीत चूक सापडल्यावर बोलायचे तसंच ते बोलले. पण मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. जाताना चढणारे मोजले, त्यात ते नव्हते. येताना बसलेले मोजले, त्यात ते होते. बाप समोर बसलेला असताना हात आपोआप त्याच्यावरून मोजत गेला. सबंध दिवस ज्याला नाकारलं त्याला हातानं मोजलं, आणि नेमकं तिथेच चुकलं.

“माझ्या पुढच्या सीटवर निळ्या टोपीवाल्या बाई होत्या,” बाबा म्हणाले. “त्या खालीच राहिल्या असणार. गुडघे धरून उतरत होत्या.”

मी सांगितल्यावर ड्रायव्हरनं बस वळवली. मी यादी शोधत होते तोवर बाबा उतरून जिन्याकडे चालायलाही लागले. मी मागून धावले. पंचाहत्तरीच्या त्या बाई सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या होत्या. जिना चढवेना आणि हाक मारायला संकोच वाटला, असं त्यांनी नंतर सांगितलं. बाबांनी त्यांच्यापुढे हात धरला. इंग्लिश त्यांचं सरकारी कागदापुरतं. “मॅडम, स्लो,” एवढंच म्हणाले, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. “लाभ.” मग दुसरी. “दोन.” प्रत्येक पायरीला थांबून, आकडा म्हणून, ते त्यांना वर आणत होते. दहाव्या पायरीपासून त्या बाईही मोडक्यातोडक्या मराठीत आकडे म्हणायला लागल्या. मी दोन पायऱ्या मागे, त्या पडल्याच तर धरायला. मला रडू येत होतं आणि ती वेळ रडायची नव्हती.

बसमध्ये त्या बाईंनी मला विचारलं, “ते पहिलं काय म्हणाले? दोनच्या आधीचं?”

मी म्हटलं, “एकच्या ऐवजी आम्ही तसं म्हणतो. त्याचा अर्थ मिळकत. हाती आलेलं काहीतरी चांगलं.”

“आणि ते कोण? दुसरे गाइड?”

इतकं सोपं उत्तर होतं. ते द्यायला मला दोन सिग्नल लागले. “माझे वडील,” मी म्हणाले.

आम्ही धक्क्यावर पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. जहाज सुटलं नव्हतं, पण म्युझियमच्या बाई धक्क्याच्या दारात उभ्या होत्या. निळ्या टोपीवाल्या बाईंनी बाबांचं तोंड भरून कौतुक केलं आणि त्यातच सगळं फुटलं. मी काही लपवलं नाही. चुकीचं मोजलं, बस सोडली, वडिलांना यादीबाहेर आणलं होतं, सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तू बोलतेस छान. पण मी तुला आत्ता एकटीला पाठवू शकत नाही.” त्यांचं बरोबरच होतं. समितीतल्या त्या गृहस्थांना आयतंच कोलीत मिळालं याचा मला आठवडाभर संताप येत राहिला, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मी दुसऱ्या गाइडच्या मागे यादी धरून फिरले. बाबा दर वेळी बरोबर असत, आता यादीच्या तळाशी पेन्सिलनं लिहिलेले. लॉक चालवणाऱ्या माणसाशी त्यांची दोस्ती झाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दाराला गळती कुठून लागते यावर दोघं तासभर बोलत. ऑक्टोबरमध्ये हंगामातली शेवटची टूर होती, आणि नेहमीचा गाइड आजारी पडला. बाईंनी फोन केला. “जाशील? एकटी?”

बाबांचं तिकीट पुढच्या शनिवारचं होतं.

या वेळीही अठ्ठावीसच निघाले. बस सुरू झाल्यावर मी माइक घेतला आणि पुस्तिकेतल्या पहिल्या वाक्याच्या आधी म्हणाले, “मागे बसलेत ते माझे वडील. त्यांनी बत्तीस वर्षं कालवा सांभाळला आहे. मला येत नाही ते त्यांना विचारा.” लोकांनी खरोखर विचारलं. त्यांचा कालवा काय वाहून नेत असे, असं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं. मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, “पाणी. आणि शेवटच्या शेतापर्यंत पोचलं नाही तर शिव्या.” सगळी बस हसली. त्या दिवशी माझं निम्मं पाठांतर तसंच राहून गेलं.

साडेतीनला सगळे येऊन बसले. ड्रायव्हर तोच, जूनमधला. त्यानं आरशातून माझ्याकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघितलं. मी यादी मिटली आणि थेट शेवटच्या सीटपर्यंत गेले. या वेळी मागून पुढे मोजायचं ठरवलं होतं. बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

“लाभ,” मी म्हणाले.

मग पुढच्या सीटवर दोन, तीन, चार, असं मोठ्यानं, मराठीत, दारापर्यंत. ड्रायव्हरनं विचारलं, “अठ्ठावीस ना?”

“एकोणतीस,” मी म्हणाले.

मागून बाबांचा आवाज आला. “आता बरोबर आहे. सोड.”