गोकुळाकाकूंचा अष्टाचंगा

अमरावतीत गोकुळाकाकूंकडे मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, गावही विचारलं नाही. ओसरीच्या फरशीवर खडूने पाच उभ्या, पाच आडव्या घरांचा पट आखलेला होता. "बस," म्हणाल्या, "एक डाव खेळ." चिंचोक्याच्या चार फोडी दान टाकायला आणि शिलाईच्या डब्यातल्या गुंड्या सोंगट्या म्हणून. मी सपशेल हरलो. काकूंनी गुंड्या डब्यात भरल्या आणि भाडं सांगितलं. हरलेल्याला खोली कशी दिलीत, असं मी पुढे केव्हातरी विचारलं. त्या म्हणाल्या, "हारून राहिला होता तरी दान बरोबर मोजत होता. असा मानूस भाडं बुडवत नाही. पन लय पुढं जातबी नाही."

त्या खोलीत मी बायको-मुलांसह अकरा वर्षं राहिलो. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचो. काकू साड्यांना फॉल-पिको करायच्या. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की त्या पट आखायच्या आणि मला हाक यायची. अष्टाचंगा आमच्याकडे पोरीबाळी खेळतात. माझी बायको हसायची की चाळिशीला आलेला माणूस गुंड्या खेळतो. पण पैसा कसा राखायचा आणि कसा वाढवायचा, हे मी जिनिंगच्या वह्यांपेक्षा त्या पटावर जास्त शिकलो.

खेळ सोपा आहे. बाहेरच्या घरांतून फिरत सोंगटी आत न्यायची. फुली मारलेल्या घरात ती बसली की तिला कोणी मारू शकत नाही. मात्र समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय, म्हणजे तोड केल्याशिवाय, आतल्या घरांत जाता येत नाही. माझी खोड अशी की चांगलं दान पडलं की एकच सोंगटी पुढे पळवायची. काकू ती मारायच्या आणि म्हणायच्या, "एकाच गुंडीवर संसार करतं का रे, सुधाकर? ते मेली का तू भिकारी." दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य, "दान पडलं म्हनून फुलीतली उठवाची नसते." त्या स्वतः तशाच वागायच्या. पहिल्या खोलीचं भाडं त्यांनी खाल्लं नाही, त्यातून दुसरी बांधली. दुसरीतून तिसरी. "भाड्याचं लुगडं नेसलं असतं त खोली कोनाच्या बापानं बांदली असती?" मी खोली सोडली तेव्हा त्यांच्या चार खोल्या भाड्याने होत्या आणि अंगावरची साडी बहुतेक तीच होती.

समोरच्याला त्या नेहमी काळ्या गुंड्या द्यायच्या. काळी गुंडी मारताना त्यांचा हात जरा जोरात पडायचा. याचं कारण मला दोन वर्षांनी कळलं, तेही त्यांनी शिलाई करता करता, मान वर न करता सांगितलं.

त्यांचं माहेर तेल्हाऱ्याचं. वडील गेले तेव्हा चांगली काळी जमीन मागे राहिली, आणि वारस दोघं, काकू आणि त्यांचा थोरला भाऊ. राखीला भाऊ साडी घेऊन आला आणि सोबत हक्कसोडीचा कागद. आपल्याकडे बहिणीने सही करायची आणि भावाने माहेर राखायचं, अशी रीत आहे. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला गावात चांगलं म्हणत नाहीत. काकूंनी जरा विचार करते म्हटलं, तर भाऊ म्हणाला, "तुले माहेर पायजे का वावर?" त्यांनी सही केली. तीन वर्षांनी नवरा गेला. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं, फी कमी पडत होती, म्हणून त्या तेल्हाऱ्याला गेल्या. भावाने त्यांना ओट्यावरच बसवलं, आतून चहा पाठवला, आणि तो स्वतः बाहेर आला नाही. काकू चहा न पिता एसटीने परत आल्या. फी त्यांनी मंगळसूत्र मोडून भरली. त्यानंतर त्या राखीला गेल्या नाहीत, आणि त्यांच्या तोंडून मी भावाचं नाव कधी ऐकलं नाही. "त्याची एक तोड बाकी हाय," एवढंच त्या म्हणायच्या.

नवऱ्याकडचं म्हणून त्यांच्या नावावर नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला तीस गुंठे बरड होतं. त्यात दगड जास्त आणि माती कमी. बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणारा दर दोन वर्षांनी सोडून जायचा. मी एकदा चार वर्षांचा जमाखर्च मांडून दाखवला की हे वावर तुम्हाला दरसाल तोट्यात घालतं, विकून बँकेत टाका. काकूंनी कागद पाहिला, आकडे बरोबर आहेत म्हणाल्या, आणि विकलं नाही. भावकीत आणि माहेरीही मात्र ते विकलं अशीच समजूत होती. काकूंनी ती कधी खोडली नाही.

मग एक दिवस तेल्हाऱ्याचा दलाल निरोप घेऊन आला. भावाला मंगल कार्यालय बांधायचं होतं, त्यासाठी तो रस्त्याला लागून असलेलं दोन एकर विकायला काढत होता. ते दोन एकर म्हणजे जिथे काकू लहानपणी कापूस वेचायला जायच्या ते. काकूंनी दलालाला सांगितलं की मी घेते. भाऊ म्हणे चार लोकांत हसला. म्हणाला, असतील पैसे तर घेऊ द्या. त्याने बाजारापेक्षा जास्त भाव सांगितला. काकूंनी घासाघीस केली नाही. त्याने इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन इसारचिठ्ठी करून दिली आणि तीत एक अट टाकली. घेणारीकडून खरेदीखत झालं नाही तर इसार बुडाला. मी ती अट तीनदा वाचली आणि काकूंना म्हणालो की ही अट काढायला लावा. "राहू दे," म्हणाल्या. "त्याले लय आवडली हाय ते." पैसे दहा हजाराने कमी पडत होते. मी पुन्हा नांदगावचं बरड विकायचं काढलं. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर रागावल्या. उरलेले पैसे त्यांनी मुलीकडून घेतले. ती तोवर नोकरीला लागली होती.

खरेदीच्या दिवशी तेल्हाऱ्याच्या रजिस्ट्री कार्यालयात मी त्यांच्यासोबत साक्षीदार म्हणून होतो. भाऊ पांढऱ्या कपड्यांत, गावचे दोन-चार लोक घेऊन आला होता. इसाराची रक्कम तो केव्हाच वापरून मोकळा झाला होता. बाकावर टेकून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गोकुळा, शेत घ्याले आदी शेतकरी असा लागते. तुहं नाव कोन्या सातबाऱ्यावर हाय? हक्कसोडीनंतर त आपल्याबी नाही." शेतजमीन घेणाऱ्याचं नाव आधीच कुठल्या तरी सातबाऱ्यावर असावं लागतं, हे मला माहीत होतं. आयुष्यभर कागद सांभाळलेला मी, आणि तेच विसरलो होतो. काकूंनी पिशवीतून नांदगावचा सातबारा काढला आणि टेबलावर ठेवला. भावाकडे पाहिलं नाही. कारकुनाला म्हणाल्या, "पाहून घ्या साहेब, नाव बरोबर हाय ना."

भावाने कागद हातात घेऊन दोनदा वाचला. तारीख पाहिली, शिक्का पाहिला. मग त्याने सही केली, कारण इसार परत करायला त्याच्याकडे नव्हता, आणि चार लोक बघत होते. मी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं तसं बरड विकलं असतं, तर काकूंचा इसार बुडाला असता आणि तो हसत घरी गेला असता.

बाहेर आल्यावर भाऊ नरम झाला. म्हणाला, झालं ना बाई मनासारखं, आता राखीले येत जाय. आणि लगेच म्हणाला की वावर दुसऱ्या कोणाला देऊ नको, मीच बटईने करतो. काकू म्हणाल्या, "तुले आता हे वावर दुरूनच पाहा लागन, दादा. म्या पायलं तसं." त्यांनी वावर शेजारच्या एका माळी कुटुंबाला दिलं. दर हंगामात त्या पेरणीला आणि वेचणीला जायच्या, भावाच्या घरासमोरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री घेऊन दिवसभर बसायच्या, आणि त्याच्याकडे पाणीसुद्धा मागायच्या नाहीत.

खरेदीच्या दिवशी परतताना एसटीत मी फार खुशीत होतो. भाऊ कसा पांढरा पडला ते पुन्हा पुन्हा सांगत होतो. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "तुह्या बहिनीनं सही केली का रे?"

माझी धाकटी बहीण अकोल्याला असते. वलगावचं आमचं तीन एकर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मी म्हणालो, केली, पण तिने स्वखुशीने केली.

"मीनंबी स्वखुशीनंच केली होती," काकू म्हणाल्या. "कागदावर तसंच लिवलं असते."

पुढच्या रविवारी मला हाक आली नाही, त्याच्या पुढच्याही. मी भाडं द्यायला गेलो की त्या पैसे मोजून घ्यायच्या आणि मशीन चालू ठेवायच्या. वर्षभराने मी वलगावला स्वतःच्या घरात गेलो. निरोप घेताना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या "बरं" एवढंच म्हणाल्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. शेवटच्या आठवड्यात भाऊ दवाखान्यात आला होता. मुलीने सांगितलं की काकूंनी भिंतीकडे तोंड केलं आणि तो जाईपर्यंत फिरवलं नाही. मी दुसऱ्या दिवशी गेलो. मला वाटलं होतं की माझ्याशी तरी बोलतील. त्यांनी डोळे उघडून मला पाहिलं, ओळखलं, आणि तसंच भिंतीकडे तोंड केलं.

महिन्याभराने मी दीड एकराच्या बक्षीसपत्राचा मसुदा टंकून अकोल्याला बहिणीकडे गेलो. ती खूश होईल, रडेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. तिने चष्मा लावला आणि ओळ न ओळ वाचली, चतुःसीमासुद्धा. मग म्हणाली, "दादा, यात विहिरीचा हिस्सा नाही."

मी म्हणालो, लिहायचा राहिला. राहिला नव्हता. पाण्याशिवाय ते दीड एकर कोण करणार, शेवटी ते माझ्याकडेच बटईला येईल, हा हिशेब मी वलगावहून निघतानाच केला होता.

तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लिहून आण. मग सही करते."

पुढच्या सोमवारी मी विहीर अर्धी लिहून घेऊन गेलो. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.