व्हिडिओतला माझा आवाज

जिम्नॅस्टिक्सच्या क्लासमध्ये उडी मारून उतरताना माझी चौदा वर्षांची लेक दोन गाद्यांमधल्या फटीत पडली. मणक्याला मार बसला. तीन आठवडे झाले तरी डावा पाय हलेना. मी सारखी विचारायचे, "बोटं हलतायत का गं?" शेवटी ती म्हणाली, "आई, आता नको ना विचारूस."

क्लासवाले म्हणाले, "खेळात लागायचंच. तुम्ही फॉर्मवर सही केलीय."

शहरातल्या मल्लेश्वरम भागात एक मराठी वकीलबाई भेटल्या, मूळच्या निपाणीच्या. त्या म्हणाल्या, "सही केली म्हणजे खेळातला धोका मान्य केला, एवढंच. तोल जाणं खेळात येतं. गाद्या नीट न लावणं हा त्यांचा निष्काळजीपणा. पण फट होती, हे दाखवणार कसं?"

मी इतर आयांच्या दारोदार फिरले. त्यांच्या मुली अजून तिथंच शिकत होत्या. कुणी बोलायला तयार होईना. क्लासमध्ये एव्हाना नव्या गाद्या आल्या होत्या.

पुरावा माझ्याच फोनमध्ये होता. त्या दिवशी मी व्हिडिओ काढत होते. नंतर तो बघायचा धीर झाला नव्हता. वकीलबाईंच्या टेबलावर तो लावला. फट स्वच्छ दिसत होती. लेक धावता धावता थांबली, खाली बघितलं, मग माझ्याकडे. आणि माझा आवाज आला, "थांबलीस काय? मार ना उडी! सगळे बघतायत!"

मी व्हिडिओ बंद केला. "आवाज काढून टाकता येईल?"

"नाही ताई. आहे तसाच द्यायचा. आईनंच भरीला घातलं असं ते म्हणतील. म्हणू देत. गाद्या तपासायचं काम प्रशिक्षकाचं."

"आणि माझं?"

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. "माहितीये मला," ती म्हणाली. "म्हणून तर मारली उडी." मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो पांघरुणात घेतला.

ग्राहक आयोगात केस दोन वर्षं चालली. दोष क्लासचा ठरला. माझ्याबद्दल निकालात एकच वाक्य होतं: गाद्या तपासण्याची जबाबदारी बघत बसलेल्या आईची नव्हती. ते मी कितीदा वाचलं, पण छातीवरचं ओझं तसूभर हललं नाही.

"तुला वाचून दाखवू?" मी लेकीला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मला बाथरूमपर्यंत ने."