एका पाळण्याचं बजेट

आमच्या आदिलाबादच्या ऑफिसात दरवर्षी पुरून उरतात ते फक्त किस्से! मी इथली सर्वांत नवी क्लार्क. घरी तान्ही चिऊ, त्यामुळे किस्से ऐकतानाही माझं निम्मं लक्ष तिच्याकडेच.

*

आमचे हेडक्लार्क मेश्राम सर एका वर्षी उरलेले पैसे इमानदारीनं परत करून शाबासकीची वाट पाहत बसले. पुढच्या बजेटात नेमके तेवढेच कापून आले! शेरा: ‘गरज दिसत नाही.’

“आमी काटकसर केली, हे सांगाव कोणाले?” सर अजून विचारतात.

*

तेव्हापासून मार्चमध्ये रुपया शिल्लक ठेवायचा नाही. एकदा सगळ्या खिडक्यांना पडदे लागले तरी पैसे उरले. मग रेकॉर्ड रूमलाही गुलाबी फुलांचा पडदा आला. तिथं खिडकीच नाही!

“सर, मागं भिंत आहे!”

“राहू दे. बजेट तर वाचलं!”

*

हैदराबादच्या हेड ऑफिसचे साहेब कोणावर विश्वास ठेवत नाहीत. मागाल त्याच्या निम्मं देतात. म्हणून सगळे दुप्पट मागतात. एका नव्या ऑफिसरनं लागतील तेवढेच पंखे मागितले. स्टाफनं उन्हाळाभर खुर्च्या बदलून वारा घेतला!

*

चिऊला सांभाळणाऱ्या सासूबाई कापूस वेचणीला बेला गावी गेल्या आणि चिऊ माझ्यासोबत ऑफिसात आली. मी बजेटात पाळणा मागायचं ठरवलं.

“दोन लिहा बाई, तवा एक येईन,” सर म्हणाले.

माझा हात धजेना. एकच लिहिला. मग घोर लागला, अर्धा पाळणा आला तर?

तोवर शेजारच्या टेबलावरच्या लक्ष्मी अक्कानं रेकॉर्ड रूममधला तो पडदा काढून झोळी बांधली. चिऊ मजेत झोपायची.

आणि हैदराबादचे साहेब इन्स्पेक्शनला आले!

“पिछले साल पालने पे कितना खर्चा?”

“कुछ नहीं, साब,” मी म्हणाले.

साहेबांनी झोळीकडे पाहिलं. “काम तो चल रहा है. फिर काहे को?”

तेवढ्यात चिऊ जागी होऊन भोकाड पसरती झाली. साहेबांनीच गडबडीनं दोरी धरली. हलवली की चूप, थांबली की सुरू!

“साब, मीटिंग...” सर पुटपुटले.

“श्श! उठ जाएगी!”

महिन्याभरानं मंजुरी आली. मागितला एक, मंजूर दोन! असं या ऑफिसात कधी घडलं नव्हतं. मी कागद तीनदा वाचला, म्हटलं माझीच काही चूक असेल.

लक्ष्मी अक्कानं हळूच माझा हात दाबला. “दुसरा रिकामा नको ठेवू गं. पुढच्या वर्षी कापतीन!”