खडवलीची बाई आणि आमचे बाबा

ऐंशीला टेकलेल्या माझ्या वडिलांचं प्रेमप्रकरण मी स्वतः, एका रविवारी सकाळी, डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, प्रोजेक्टर लावून जाहीर केलं. प्रकरण नव्हतंच, हे नंतर कळलं. पण प्रोजेक्टर होता ना!

झालं असं, की जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त सोसायटीत कार्यक्रम करायचं ठरलं. "फोटोग्राफीतलं कोणाला कळतं?" असं कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं आणि माझा हात वर गेला. (मी एकदा अर्ध्या दिवसाचं शिबिर केलेलं. त्यातला बराचसा वेळ नाश्ता चाललेला.) त्याच आठवड्यात माळा साफ करताना मला बाबांचा जुना कॅमेरा सापडला. शटर कधीचं अडकून बसलेलं. पण चामडी कव्हरच्या खिशात एक रोल होता. वापरलेला, पण न धुतलेला!

मी हवेतच गेलो. आईबाबांचे तरुणपणीचे फोटो, थेट पडद्यावर, सगळ्यांसमोर!

"आधी बघून तरी घे, काय आहे त्यात," माझी बायको मेधा म्हणाली.

"अगं, सरप्राइझ आहे! मीसुद्धा तेव्हाच बघणार."

ठाण्यात खोपटला एक स्टुडिओवाले अजूनही रोल धुऊन देतात. त्यांनी फोटो पेनड्राइव्हमध्ये घालून दिले आणि चाचरत म्हणाले, "साहेब, एकदा नजर टाका. फोटो जरा... गर्दीचे आलेत."

"एकत्र कुटुंब होतं आमचं!" मी अभिमानाने म्हटलं आणि निघालो.

रविवारी हॉल भरलेला. पहिल्या रांगेत आई नवी पैठणी नेसून, बाबा इस्त्रीच्या शर्टात. (कानाचं मशीन घरी विसरून.) मी भाषण सुरू केलं. पूर्वी फोटो काढायचा म्हणजे माणसाला पुतळ्यासारखं बसवून ठेवायचे, फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं खुपसून बसायचा, स्टुडिओत रंगवलेल्या धबधब्यापुढे आजोबा कोट घालून उभे राहायचे. आणि आज आपण मिसळ गार होईपर्यंत तिचे फोटो काढतो! लोक हसले. मला चेव चढला. "मंडळी, माणूस खोटं बोलेल, पण फोटो कधीही खोटं बोलत नाही!"

टाळ्या. मी पहिला फोटो लावला.

आईच्या मांडीवर मी होतो. तान्हा, झबल्यातला, आणि मला झुपकेदार मिशी होती.

"मिलिंद लहानपणी फारच मोठा दिसायचा," मागून कुलकर्णीकाका म्हणाले.

"रोल जुना आहे, डाग पडलाय," मी म्हटलं आणि घाईघाईने दुसरा फोटो लावला. त्यात बाबा कमरेपर्यंत नदीत उभे होते. शर्ट खोचलेला, हातात छत्री, आणि चेहरा बँकेत निघाल्यासारखा. तिसरा लावला, आणि तिथे माझं भाषण संपलं.

बाबा एका बाकावर बसलेले. मागे नदी. शेजारी वेणीत गजरा माळलेली एक तरुण, सुंदर बाई, चेहरा अर्धा बाबांकडे वळलेला. आणि ती हसत हसत बाबांच्या तोंडात बटाटावडा भरवत होती!

ती आई नव्हती.

"अहो, ही कोण?" आईने विचारलं.

"मीच की!" बाबा आनंदाने म्हणाले.

"तुम्ही नाही! ती बाई कोण?"

"छान आहे," बाबा म्हणाले.

मी लॅपटॉपची बटणं दाबत सुटलो. फोटो जाईना. उलट मोठा झाला! आता पडद्यावर फक्त वडा, गजरा आणि बाबांचं तोंड. "काहीतरी चूक झालीय," मी माइकवर ओरडलो, तर तळमजल्याच्या जोशीकाकू म्हणाल्या, "असं कसं? फोटो खोटं बोलत नाही, आत्ताच म्हणालात ना तुम्ही!"

शेवटी मेधाने प्लग उपटला.

घरी आल्यावर बाबांच्या कानात मशीन बसवलं आणि आईने चौकशी सुरू केली. "ही खडवलीची नदी आहे. मी ओळखते. कधी गेला होतात?"

"अगं, मी जन्मात खडवलीला गेलो नाही!"

"मग फोटोत कोण बसलंय?"

बाबांनी चष्मा लावून फोटो पाहिला. खूप वेळ पाहिला. "बसलोय खरा मीच," ते गोंधळून म्हणाले. "शर्टही माझाच. मिलिंद, गेलो असेन का रे मी? हल्ली माझ्या लक्षात राहत नाही काही." आणि मग जरा छाती पुढे काढून, "बाई तशी चांगल्या घरातली वाटते."

बस्स! आईने कपाटावरून बॅग खाली काढली. "मी जाते भावाकडे. त्यांना वडे भरवायला माणसं आहेत!"

आत्तापर्यंत मला हसू येत होतं. पण आईने बॅगेत रोजच्या गोळ्यांचा डबा टाकला आणि बाबा एकदम खाली बसले, तेव्हा ते पळालं. पन्नास वर्षांहून जास्त संसार, आणि तो मी एका पेनड्राइव्हने मोडायला निघालेलो! बाबा तर चक्क माफी मागायला लागले. "शालिनी, मला आठवत नाही, पण चुकलं असेल तर चुकलं गं." (हे त्यांनी बोलायला नको होतं. आईने बॅगेत आणखी दोन साड्या घातल्या.)

मी ठाण्याला मामाला फोन लावला. "मामा, मामीला घेऊन ताबडतोब ये. बाबांचं खडवलीला लफडं होतं!"

"या वयात?"

"तू ये रे आधी!"

दुपारच्या जेवणाआधी दोघं हजर. मामा आल्या आल्या बाबांवर घसरला. "भावोजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती! कुठेय तो फोटो?" मी लॅपटॉप पुढे केला. मामाने पाहिलं आणि त्याचा रंगच उडाला.

"ही... ही तर आमची सुलू आहे!"

सुलू म्हणजे मामी! सगळे मामीकडे बघायला लागलो. बाबा तर भिंतीला जाऊन टेकले.

"अहो, असे काय बघताय?" मामी म्हणाली. "ही आपल्या कंपनीची पिकनिक. लग्नाआधीची!"

मग हळूहळू उलगडा झाला. मामा-मामी दोघं वागळे इस्टेटमध्ये एकाच कारखान्यात कामाला होते. खडवलीच्या पिकनिकसाठी मामाने बाबांचा कॅमेरा मागून नेला, आणि कव्हरमधला रोल कोरा समजून त्यात घातला. तो कोरा नव्हता. त्यावर आमचे घरचे फोटो आधीच काढलेले होते! एकावर एक फोटो बसले. म्हणून मला मिशी, बाबांना नदी.

"थांबा," आई म्हणाली. "बाकावरचा शर्ट... अगं बाई! हा तर ठाण्याच्या तलावपाळीवर मीच काढलेला फोटो!"

बाबा सुटकेचा निःश्वास टाकून हसले, पण जरा हिरमुसल्यासारखेही वाटले.

मी बॅग उचलून परत कपाटावर ठेवणार, एवढ्यात मामा फोटोला नाक लावून म्हणाला, "सुलू, पण कॅमेरा तर माझ्याकडे होता. मग तू वडा कोणाला भरवतेयस?"

खरंच, बाबांच्या मागे कोणाचं तरी पुसट कोपर दिसत होतं. मामाचा आवाज चढला. "कोणाचं कोपर आहे हे? त्या कॅन्टीनवाल्या शिंद्याचं?"

"मामा, बॅग तयार आहे, कोणाला हवी असेल तर," मी म्हटलं. मेधाने मला चिमटा काढला.

मामी मात्र शांतपणे म्हणाली, "तुमचंच आहे ते कोपर. कॅमेरा दगडावर ठेवून, आपोआप फोटो काढणारी कळ ओढून, धावत येऊन बसला होतात माझ्या शेजारी. येताना घसरून पडलात, म्हणून मी हसतेय. आपल्या दोघांचा पहिला फोटो. रोल हरवला म्हणालात मला."

मामाने पुन्हा पाहिलं. कोपराला घड्याळाचा पट्टा होता, तो त्याने ओळखला. "कव्हरमध्येच राहिला असणार," तो पुटपुटला. मामी पदराने डोळे टिपत होती. आईने बॅगेतून गोळ्यांचा डबा काढला आणि बाबांच्या हातात त्यांची दुपारची गोळी ठेवली.

असं दृश्य रोज दिसत नाही. चार म्हातारी माणसं, सोफ्यावर चिकटून, एकमेकांवर खूश! माझ्यातला छायाचित्रकार जागा झाला. मी फोन काढला, गुडघ्यावर बसलो, सगळ्यांना हसायला लावलं, आणि वेगवेगळ्या कोनांतून धडाधड फोटो काढले. "बघू बघू!" म्हणत सगळे धावले.

फोनचा पुढचा कॅमेरा चालू होता. आई नव्हती, बाबा नव्हते, मामा-मामी नव्हते. प्रत्येक फोटोत मी एकटाच: एक डोळा मिटलेला, नाकपुड्या फुगलेल्या, तोंड वासलेलं.

मेधाने सगळे फोटो एकेक करून पाहिले आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच तुझे फोटो हुबेहूब आलेत."