शोशाम्मा चेची पाठ चोळत नाही

केरळातल्या आमच्या तिरुवल्ल्याच्या हॉस्पिटलात शोशाम्मा चेचीच्या, म्हणजे आमच्या थोरल्या ताईच्या, हाताचं नाव होतं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला स्पिरिट लावून ती अशी रगडायची की म्हातारे सुखानं डोळे मिटत. आम्ही नर्सिंगच्या पोरी तिच्याकडूनच ते शिकलो.

चाळिशी उलटल्यावर ती पुढचं शिकायला गेली. परत आली ती वेगळंच सांगत. "मुलींनो, पडून पडून लाल झालेली कातडी चोळू नका. आतलं मांस आणखी दुखावतं. कूस बदला, अंग कोरडं ठेवा."

मुख्य नर्स अम्मिणी मॅडम तडकल्या. "मग आजवर आम्ही काय झक मारली? संशोधन डॉक्टरांनी करावं. आपण बेडपॅन उचलावं."

"बेडपॅन मीही उचलते, मॅडम. डोळे उघडे ठेवून उचलते, इतकंच."

तिनं भांडून परवानगी मिळवली. जुने केसपेपर काढून पूर्वी किती जणांना पाठीच्या जखमा व्हायच्या ते पाहिलं, मग चोळण्याऐवजी कूस बदलत नव्या जखमांची नोंद ठेवू लागली. नातेवाईक कुरकुरले. वडलांपाशी बसलेल्या एकानं तर तोंडावर सुनावलं, "चोळायचं नाही, मग पगार कसला घेतेस?"

"ये इकडे. तुझ्या अप्पच्चनना कुशीवर वळवायला शिकवते. घरीही तुलाच करायचंय."

जखमा कमी होऊ लागल्या. मधेच हॉस्पिटलच्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी काही खाटांना हवेच्या गाद्या दिल्या आणि स्वतःच्या सत्काराचा घाट घातला. चेचीनं अहवालात गाद्यांचे आभार मानावेत, असा निरोप आला. तिनं पुन्हा तपासलं. साध्या खाटांवरही जखमा कमी झाल्या होत्या. आणि जिथं हात कमी पडले, कूस बदलली गेली नाही, तिथं नव्या गादीवरही झाल्या होत्या. अहवालाच्या शेवटी तिनं तेच लिहिलं.

"ते शेवटचं वाक्य गाळ," अम्मिणी मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "नोकरीवर येईल गं."

"वाक्य गाळलं तर जखम बुजेल का, मॅडम?"

सत्काराच्या भर सभेत, अध्यक्षांसमोर तिनं ते वाचलं. वर म्हणाली, "गाद्या चांगल्याच आहेत, साहेब. पण कूस माणूसच बदलतो. माणसं द्या."

तिची बदली लसीकरणाच्या खोलीत झाली. तिच्यासाठी आम्ही सगळ्याजणी सह्यांचा अर्ज घेऊन अध्यक्षांकडे गेलो. बदली टळली नाही, पण वॉर्डाला दोन नर्स जास्त मिळाल्या. स्पिरिटच्या बाटल्यांना आम्ही पुन्हा हात लावला नाही.

तिची कीव करायला मी खाली गेले, तर चेची खुशीत.

"बघ गं, पोरांना आडवं दाबून धरून टोचतात इथं. आईच्या मांडीवर बसवलं तर कमी रडतील का? इथं कुणी पाहिलंय?"

"चेची, आता तरी गप्प बस!"

"का?" ती म्हणाली आणि पुढच्या बाळाला आईच्या मांडीवर बसवलं.