लातूरच्या गच्चीवरची सामुद्रधुनी

“तुमचं मॉडेल साफ चुकलंय,” सावंत फोनवर म्हणाले. “भरती पूर्ण झाली की पाणी थांबतं. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि तुमच्या रिपोर्टात नेमका तेव्हाच सगळ्यात जोराचा करंट?”

सावंत डायव्हिंगचे सुपरवायझर. दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं दोन बेटांमधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत केबल तपासायला तळाशी उतरणार होती. असं काम पाणी स्थिर असेल तेवढ्याच वेळात होतं. त्याला ‘स्लॅक’ म्हणतात. वेळ चुकली तर पाण्याचा करंट माणसाला दोरीसकट ओढून नेतो. सावंतांनी भरतीची वेळ पक्की केली होती.

मी मॉडेलर. समुद्राचा तळ, किनारे, भरती-ओहोटी कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि पाणी कुठे किती जोरात वाहील ते काढायचं, हे माझं काम. ऑफिस लातूरला. बिराजदार सरांनी जन्मभर बंदरांची कामं केली आणि गावी परतून ही कन्सल्टन्सी काढली. नळाची वाट बघणाऱ्या गावात आम्ही समुद्र वाहवायचो. लोक हसायचे, आम्हीही हसायचो.

सरांचा एक नियम होता. स्क्रीनवर दिसलं ते गच्चीवर पाण्याने दाखवायचं, तरच रिपोर्टवर त्यांची सही. त्यासाठी वर दोन निळे ड्रम होते, बुडाशी पारदर्शक पाइपने जोडलेले. प्रयोग झाला की तेच पाणी कूलरमध्ये. आता मी नांदेडला घरी बसून काम करते. कॉम्प्युटर तेव्हापेक्षा कितीतरी दमदार आहे. पण सर नाहीत, आणि त्या तापलेल्या गच्चीची फार आठवण येते.

“सावंतांना व्हिडिओ कॉल लाव,” त्या दिवशी सर म्हणाले. “ड्रमापाशी चल.”

पाइपची तोटी बंद ठेवून मी एक ड्रम काठोकाठ भरला, दुसरा अर्धाच. पाइपमध्ये तुरीची टरफलं सोडली आणि तोटी उघडली. ती सुसाट पळाली.

“सावंतसाहेब, खाडीला तोंड एक. ती भरली की पाणी थांबतं, तुमचं खरं हाय,” सर म्हणाले. “इथं तोंडं दोन. तुमच्या बाजूला भरती आधी येते, पलीकडं उशिरा. तुमचा ड्रम भरला तवा पलीकडचा अर्धाच असतो. पाणी तिकडं धावणारच की! दोन्हीकडची पातळी सारखी झाली की थांबंल. तोच तुमचा स्लॅक.”

“साहेब, माझी माणसं ड्रमात नाही उतरायची.”

“हाव, म्हणूनच म्हणतो. भरतीला आधी वजन बांधून नुसती दोरी सोडा. माणूस नको.”

दुसऱ्या दिवशी सावंतांचा फोन आला. आवाज उतरला होता. “दोरी पार आडवी झाली हो. वजन तळाला लागेना. आता तुमच्या वेळेला उतरवतो.”

मला वाटलं, जिंकलो. सरांचा डबा मात्र तसाच पडून होता.

“सर, जेवा की.”

“नको. आधी माणसं वर येऊ दे.”

दुपार सरता सरेना. सर टेबलापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. मॉडेलचा आलेख मी पुनःपुन्हा उघडत होते, जणू बघितल्याने पाणी थांबणार होतं.

शेवटी फोन वाजला. “वर आले. खाली पाणी अगदी शांत होतं.”

“सगळे?” सरांनी विचारलं.

“सगळे, साहेब.”

सरांनी फोन ठेवला, रुमाल तोंडाला लावला आणि रडायला लागले. मी गांगरलेच.

“सर, तुमची तर खात्री होती ना?”

“होती की. कॉम्प्युटरातल्या पाण्याची.”

हल्ली माझे ज्युनिअर मॉडेल किती अचूक आहे ते मला टक्क्यांत सांगतात. मी ऐकून घेते आणि विचारते, पाण्यात कोण उतरणार आहे?