पडद्याला बांधलेले दोन दगड

या गोष्टीचा अर्धा भाग मी शेकडो वेळा सांगितला आहे. दुबईच्या देऱ्यातल्या आमच्या खोलीत, गावाकडच्या लग्नांत, बोटीच्या डेकवर – आणि लोक पोट धरून हसले आहेत. उरलेला अर्धा कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो. जरा आडवळणानं येईन – खोड आहे ती – पण येईन.

साठच्या दशकातली गोष्ट. अमिरात हे नाव नव्हतं, रस्ताही नव्हता. दुबईहून रास अल खैमाला जायचं म्हणजे समुद्राकडेच्या खारट मैदानातून, आधीच्या गाडीच्या चाकोरीत चाक घालून जायचं. मी बाविशीतला ड्रायव्हर, रत्नागिरीकडचा. तेल शोधणाऱ्या कंपनीचा एक गोरा साहेब माझ्या लॉरीत राहायचा – हो, राहायचा. लॉरीच्या पाठीवर लाकडी घर बांधलेलं. आत पलंग, चूल, खिडकीला फुलाफुलांचं कापड. आणि मागे लोखंडी दांड्याला जोडलेली त्याच्या बायकोची, म्हणजे मॅडमची, छोटी निळी मोटार. मोटार कसली, नवी नवरीच ती. तिची काच फुटली तर दुसरी बोटीनं यायला तीन महिने.

आता लॉरीची मागची चाकं काय करतात? खडे, शिंपले, जे सापडेल ते मागच्या गाडीच्या तोंडावर भिरकावतात. पहिल्याच फेरीत मोटारीचा दिवा गेला. साहेब शांतपणे म्हणाला, "कासम, काच गेली तर खलास. मुंबईची बोट पकड." म्हणून मी पडदा केला. लॉरीच्या मागच्या कडेला जाड ताडपत्री टांगली, जमिनीपासून चार बोटं वर. झकास. पण वारा लागला की उडायची, आणि खडे खालून सुटायचे. दोन्ही कोपऱ्यांना वजन हवं. वाळूच्या पिशव्या बांधल्या, त्या अर्ध्या वाटेत घासून फाटल्या. आणि त्या मैदानात तुम्ही दगड शोधून दाखवा – मीठ आणि वाळू, वाळू आणि मीठ.

मला मिळाले. दोन. समुद्रातले, भोकाभोकांचे, दोरी ओवायला जणू मुद्दाम केलेले.

हसायचा भाग इथं येतो. लॉरी धावायला लागली की ताडपत्री झोके घ्यायची आणि दगड घराच्या तळाला खालून आपटायचे. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग – टक्, टक्. मॅडम आत पलंगावर पडलेली. तिनं घंटी वाजवून गाडी थांबवली आणि पांढरीफटक होऊन खाली उतरली. मोडक्या हिंदीत म्हणाली, नीचे से कोई दरवाज़ा बजाता है. भर दुपार, दहा मैलांत माणूस नाही, आणि गाडी थांबली की आवाज बंद. मी काय केलं असेल? डोळे मोठे केले, आवाज पोटात नेला आणि तिला त्या मैदानातल्या जिनाची गोष्ट सांगितली, तिथल्या तिथे रचलेली. साहेबाला दगड दिसत होते, पण गंमत आवडली असावी, तोही गप्प राहिला. पुढे कित्येक दिवस ती पाय वर घेऊन बसायची.

लोक इथं हसतात. पण इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही – कासम, जिथं दगड नाहीत तिथं तुला दगड मिळाले कुठे? मी त्या प्रश्नाची वाट बघत होतो का? असेनही.

ते याकूबच्या कबरीचे होते.

याकूब आमच्या खाडीपलीकडचा. कंपनीच्या छावणीत स्वयंपाकी. तापानं तीन दिवसांत गेला आणि छावणीशेजारीच त्याला पुरला. किनाऱ्यावर जाऊन ते दगड मीच आणले होते. उशाला एक, पायथ्याला एक. पुढे छावणी उठली. त्या पांढऱ्या सपाटीवर तेवढंच काय ते उभं राहिलं. ड्रायव्हर लोक ते बघून गाडी बाजूनं घ्यायचे.

पिशव्या फाटल्या त्या नेमक्या तिथं. किनारा तासभराच्या चालीवर होता. साहेब घड्याळ बघत होता. परतताना ठेवतो, असं मी म्हटलं – मोठ्यानं म्हटलं, याकूबला ऐकू जावं म्हणून.

परतलो दोन महिन्यांनी. मधे शमाल वाहून गेला होता, वाळूची पाटी पुसून टाकणारा तिथला वारा. दोन हातांत दोन दगड घेऊन मी हिंडलो. सगळीकडे सारखंच. आणि मग – काय सांगू – मी ते पुन्हा पडद्याला बांधले. पडद्याला हवे होते ना.

पुढच्या हिवाळ्यात याकूबचे वडील आले. हुसेनचाचा. सत्तरीचे, बोटीनं, रुमालात सब्ज्याचं बी बांधून. आमच्याकडे कबरीवर सब्जा लावतात. आले ते थेट माझ्याकडे, कारण मरणाचं पत्र मीच लिहिलं होतं. साहेबाचं सामान आणायला तीच लॉरी घेऊन निघालो तेव्हा त्यांना शेजारी बसवलं.

मैदान लागलं. टक्.

"हा कसला रे आवाज?"

"गाडी जुनी आहे, चाचा."

मी एके ठिकाणी थांबलो. कुठे? जिथं धीर संपला तिथं. आणि मग मी सांगायला लागलो – इथं आम्ही उभे होतो, इथून खाली उतरवला, असं तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला केलं. इतकं सुंदर मी आयुष्यात कधी सांगितलेलं नाही. माझे स्वतःचे डोळे भरून आले. चाचांनी खाली बसून वाळूवर तळवा ठेवला.

"डोकं कुठल्या अंगाला?"

मी दाखवलं.

"आणि दगड? पत्रात लिहिलं होतंस तू. भोकांचे."

"वाऱ्यानं पडले असतील. थांबा."

मी लॉरीच्या मागे गेलो, दोऱ्या सोडल्या आणि ते दोन दगड, वाळूत सापडल्यासारखे आणून, त्या रिकाम्या जागी उभे केले. माझ्या हातांनी. चाचांनी उशाच्या दगडावर हात फिरवला, मग माझा हात धरून डोळ्यांना लावला. "तू होतास म्हणून," म्हणाले. खाऱ्या जमिनीत काही उगवत नाही हे ठाऊक असूनही त्यांनी सगळं बी तिथं पेरलं.

ते गावी जाऊन वारले. जाईपर्यंत सगळ्यांना सांगत होते की पोराची जागा पाहून आलो. आमची कोकणातली माणसं पुढे येता-जाता त्या दगडांपाशी थांबून फातिहा पढू लागली. जागा दाखवायला मीच पुढे असायचो.

आणि याकूब? जिथं खूण नाही तिथून चाकोरी कुठूनही जाते. पडद्याला मी लोखंडी साखळी लावली आणि पुढची सहा वर्षं ते घर आणि ती मोटार त्याच मैदानातून ओढत राहिलो. एकदा, दुपारचीच वेळ, मागचं चाक किंचित खचलं – आत काही पोकळ असावं तसं – आणि पुन्हा वर आलं. मला कळलं. मी गाडी थांबवली नाही.